एका तालुक्याच्या शाळेची गोष्ट
(कऱ्हाडचे टिळक हायस्कूल : अभ्यास, आखाडा आणि आपण)

खारबाव स्टेशनवर दिवा-वसई गाडीची वाट पाहत बसलेल्या विद्यार्थ्यांचा एक आवडता विषय असतो. कोणाची शाळा मोठी? शहरातल्या शाळेत शिकलेला मित्र प्रयोगशाळेचे वर्णन करतो, दुसरा मैदानाचे, तिसरा दहावीच्या निकालाचे. गावातल्या शाळेत शिकलेला मात्र बहुधा गप्प बसतो. 'आमची आपली साधी शाळा' एवढे म्हणून तो विषय संपवतो. प्रस्तुत लेखाची प्रेरणा हे गप्प बसणेच होय. लहान गावातल्या शाळेला इतिहास असतो काय? आणि असला तर तो कशाने मोजावा, निकालाच्या टक्केवारीने, कपाटातल्या ढालींनी, की आणखी कशाने?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलचे उदाहरण घेतले आहे. ही शाळा पुण्या-मुंबईची नव्हे, तालुक्याच्या गावची. तरी तिच्या बाकांवर काही वर्षांच्या अंतराने दोन मुले बसली. त्यांतला एक पुढे महाराष्ट्र राज्याचा पहिला मुख्यमंत्री झाला, तर दुसऱ्याने स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक पदक मिळवून दिले.

पार्श्वभूमी

आपल्याकडील माध्यमिक शाळांचा इतिहास पाहताना १८५४ सालचा वुडचा खलिता आणि १८८२ सालचा हंटर आयोग विसरता येत नाही. सरकारने प्रत्येक ठिकाणी स्वतः शाळा काढण्याऐवजी खाजगी प्रयत्नांना अनुदान द्यावे, हे धोरण त्यांतून रुजले. १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले. पुढच्या चार-पाच दशकांत हे वारे तालुक्यांपर्यंत पोचले. गावचे वकील, डॉक्टर, व्यापारी, निवृत्त शिक्षक एकत्र येत, शिक्षणसंस्था स्थापन करीत आणि वर्गणी गोळा करून हायस्कूल उभे करीत. आपल्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, आजच्या पालघर जिल्ह्यात, बोर्डीसारख्या समुद्रकाठच्या खेड्यात गोखले एज्युकेशन सोसायटीचे हायस्कूल १९२० साली सुरू झाले, हे या संदर्भात मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे.

त्या काळी मॅट्रिकची परीक्षा मुंबई विद्यापीठ घेत असे. एस.एस.सी. बोर्डाची परीक्षा १९४९ पासूनची. खेड्यातल्या मुलाला मॅट्रिक होणे म्हणजे नोकरीचे आणि कॉलेजचे दार उघडणे. पण फी, पुस्तके आणि परगावी राहण्याचा खर्च या तीन उंबरठ्यांवरच बहुतेकांची वाट संपे. म्हणून तालुक्याला हायस्कूल असणे ही भूषणाची बाब नव्हती, गरजेची होती. घरची भाकरी खाऊन शिकता येईल एवढ्या अंतरावर शाळा असणे, हाच कित्येकांच्या शिक्षणाचा खरा आधार होता.

अभ्यासाची बाजू

कऱ्हाड हे कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावरचे गाव. देवराष्ट्रे येथे जन्मलेले यशवंतराव चव्हाण शिक्षणासाठी येथे आले. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले होते आणि आई विठाबाईंनी कष्टाने मुले वाढवली. 'कृष्णाकाठ' या आत्मचरित्रात यशवंतरावांनी या दिवसांविषयी सविस्तर लिहिले आहे. त्यातील एक प्रसंग अनेकांना ठाऊक असेल. आपण पुढे कोण होणार हे चिठ्ठीवर लिहून द्या, असे एका शिक्षकांनी वर्गाला सांगितले. बहुतेक मुलांनी थोर पुरुषांची नावे लिहिली. या मुलाने आपण यशवंतराव चव्हाणच होणार असे लिहून दिले. उत्तर धीट आहेच. पण मला त्या प्रश्नाचेही मोल वाटते. पाठ्यपुस्तकात नसलेला प्रश्न विचारणारा शिक्षक वर्गात असला, तरच असे उत्तर निघते.

पुण्याच्या वक्तृत्व स्पर्धेत त्यांनी पहिला क्रमांक मिळवला. परंतु काळ चळवळीचा होता. १३ सप्टेंबर १९२९ रोजी जतींद्रनाथ दास त्रेसष्ट दिवसांच्या उपोषणानंतर लाहोरच्या तुरुंगात मरण पावले. त्या वार्तेने या शाळकरी मुलाचे मन हेलावून गेले. २६ जानेवारी १९३२ रोजी कऱ्हाडात तिरंगा फडकावल्याबद्दल त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. येरवड्याच्या तुरुंगात आचार्य भागवत, ह. रा. महाजनी यांच्यासारख्यांच्या सहवासात त्यांनी संस्कृत काव्यापासून समाजवादापर्यंत खूप वाचले. सुटका झाल्यावर हा मुलगा पुन्हा त्याच शाळेत परतला आणि १९३४ साली मॅट्रिक झाला.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. तुरुंगातून आलेल्या विद्यार्थ्याला पुन्हा बाकावर बसू देणे, ही आज किरकोळ वाटणारी गोष्ट त्या काळी किरकोळ नव्हती. परीक्षेतील एका यशापेक्षा शाळेचा हा उघडा दरवाजा मला अधिक मोठा वाटतो. वर्ष वाया गेले म्हणून आयुष्य वाया जात नाही, हे त्या दरवाजाने सिद्ध केले. पुढे मुख्यमंत्री झाल्यावर यशवंतरावांच्या कारकिर्दीत वार्षिक बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांना फी माफ झाली. ही ई.बी.सी. सवलत घेऊन ग्रामीण महाराष्ट्राची एक पिढीच्या पिढी शिकली. त्या निर्णयामागे कऱ्हाडच्या वर्गातल्या अनुभवाचा काही वाटा असावा, असे मानायला जागा आहे.

आखाड्याची बाजू

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावात १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म झाला. वडील स्वतः पैलवान, खाशाबा पाच भावांत धाकटे. १९४० ते १९४७ या काळात ते टिळक हायस्कूलचे विद्यार्थी होते. बेचाळीसच्या आंदोलनात भूमिगतांना आसरा देणे, पत्रके पोचवणे ही कामे या शाळकरी मुलाने केली. याच सुमारास त्याच शाळेचे माजी विद्यार्थी यशवंतराव सातारा जिल्ह्यात भूमिगत राहून लढा चालवीत होते.

खाशाबांची कुस्ती घरच्या आणि गावच्या तालमीत घडली. ते श्रेय शाळेला देणे अन्यायाचे होईल. पण तालीम आणि वर्ग यांत एकाचीच निवड करण्याची पाळी त्यांच्यावर आली नाही, हे महत्त्वाचे. ते मॅट्रिकपर्यंत शिकले आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. तेथे त्यांची लहानखुरी चण पाहून वार्षिक क्रीडास्पर्धेत नाव घेण्यास क्रीडाशिक्षकांनी नकार दिला. तेव्हा ते थेट प्राचार्यांकडे गेले, परवानगी मिळवली आणि आपल्याहून वजनदार मल्लांना चीत केले, अशी हकिकत सांगतात.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते फ्लायवेट गटात सहावे आले. तांबड्या मातीत लढलेला मल्ल तेथे प्रथमच मॅटवर उतरला होता. मातीत पाय रुततो, पकड घ्यायला वेळ मिळतो. मॅटवर पाय सरकतो, चपळाई लागते, शिवाय गुणांचे नियम निराळे. हे सारे आत्मसात करून चार वर्षांनी ते हेलसिंकीला गेले. त्या प्रवासासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, गावकऱ्यांनीही वर्गणी दिली, असे सांगितले जाते. बँटमवेट गटात कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवून, जपानचा इशी व रशियाचा मामेदबेकोव यांच्यामागे ते तिसरे आले. वर्ष १९५२, पदक कांस्य. 'ढाक' हा त्यांचा हुकमी डाव. परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांनी त्यांची मिरवणूक काढली. भारताला पुढचे वैयक्तिक पदक मिळायला १९९६ साल उजाडावे लागले, म्हणजे तब्बल चव्वेचाळीस वर्षे!

आणि त्यानंतर? १९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात फौजदार झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर. योगायोग असा की यशवंतरावही त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला गेले. त्यांची समाधी प्रीतिसंगमावर आहे.

आपल्यासाठी

टिळक हायस्कूलनेच ही दोन माणसे घडवली, असा दावा मी करणार नाही. एकाला आईने आणि तुरुंगाने घडवले, दुसऱ्याला वडिलांनी आणि तालमीने. शाळेचे मोठेपण निराळेच आहे. जे बाहेर घडत होते त्याच्या आड ती आली नाही. चळवळीतल्या मुलाला तिने परत घेतले, आखाड्यातल्या मुलाला मॅट्रिकपर्यंत नेले. शाळेच्या इतिहासात कोरून ठेवावे असे हेच नव्हे काय?

आता जरा स्वतःकडे वळू. मी दहावीत असताना आमचा खेळाचा तास गणिताला दिला जाई. कोणी तक्रार केली नाही, कारण गणिताचा पेपर सर्वांपुढे होता. आमच्या वर्गात एक मुलगा होता. शेताच्या बांधावरून धावत येई आणि घंटेच्या आधी पोचे. त्याचा वेग कोणी घड्याळ लावून पाहिला नाही. दहावीला तो गणितात नापास झाला आणि शाळा सुटली. त्याच्यात खाशाबा होता असे मी म्हणत नाही. नव्हता असेही आता कोणाला सांगता येणार नाही, सल एवढीच आहे.

शेवटी एक सूचना. भिवंडी तालुक्यातल्या शाळांचा इतिहास पुस्तकांत सापडणे कठीण. तो जनरल रजिस्टरांत, जुन्या हजेरीपटांत, स्नेहसंमेलनाच्या छायाचित्रांत आणि निवृत्त शिक्षकांच्या आठवणींत विखुरलेला असतो. रजिस्टरला वाळवी लागते, आठवणी माणसांबरोबर जातात. आपल्या महाविद्यालयात इतिहास शिकणाऱ्या प्रत्येकाने सुट्टीत आपल्या जुन्या शाळेत एक दिवस जावे. शाळा कोणी सुरू केली, जागा कोणी दिली, पहिल्या तुकडीत मुली किती होत्या, मैदानावर कोण चमकले आणि मधेच शाळा सोडून कोण गेले, एवढे पाच प्रश्न विचारून उत्तरे वहीत उतरवावीत. शेवटचा प्रश्न तेवढा टाळू नये. प्राध्यापकवर्गाने मार्गदर्शन केले, तर पुढील वार्षिकांकात त्याचे एक दालनच होईल.

मग स्टेशनवर गाडीची वाट पाहताना गावच्या शाळेतला विद्यार्थी गप्प बसणार नाही. त्याच्यापाशीही सांगण्यासारखे काही असेल.

— तृतीय वर्ष कला (इतिहास)