लग्नाच्या डीव्हीडीचं पुढे काय? डिस्कचं भविष्य आणि त्यातला छोटा धंदा

व्हिडिओत वेळेअभावी जे सांगायचं राहिलं, ते इथे सविस्तर लिहितोय. विषय आहे सीडी-डीव्हीडी. हसू नका, आधी पूर्ण वाचा.

म्हसा, मुरबाड, धसई, किन्हवली, शहापूर या पट्ट्यात साधारण २००३ ते २०१४ च्या दरम्यान ज्यांनी लग्नाचं शूटिंग करून घेतलं, त्यांच्या घरी कपाटात कुठेतरी एक डिस्क पडलेली असते. हळद, मांडव, वरात सगळं तिच्यात. आणि त्या मांडवात फिरणारी आजी, मामा, शेजारचे काका आज नसतात. कित्येक घरांत त्या माणसांचं हलतंबोलतं चित्र म्हणजे तेवढी एकच डिस्क. घरातला डीव्हीडी प्लेअर मात्र केव्हाच भंगारात गेलाय आणि नव्या लॅपटॉपला डिस्क घालायची जागाच नाही.

आता ही डिस्क किती टिकते? बाजारात मिळणारी पिक्चरची डिस्क साच्यातून दाबून काढलेली असते. स्टुडिओवाल्याने राइटरवर बनवलेली डिस्क वेगळी. तिच्यात रंगाचा एक पातळ थर असतो, लेझर तो थर भाजून खुणा करतो. ऊन, उष्णता आणि दमट हवा लागली की हा रंग हळूहळू बिघडतो. आपल्याकडे चार महिने पाऊस, भिंतींना ओल, कपड्यांना बुरशी. डिस्क त्यातून कशी सुटेल? अजून एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. सीडीची नाजूक बाजू चमकणारी नाही, छापील बाजू नाजूक. चमकणारा थर लेबलच्या लगेच खाली असतो. त्यावर बॉलपेनने जोर देऊन नाव लिहिलं की आतला डेटा जखमी होतो. डीव्हीडीत तो थर दोन प्लॅस्टिकच्या मध्ये असतो, म्हणून ती थोडी सुरक्षित.

पण माझ्या मते डिस्क खराब होणं हा दुसऱ्या नंबरचा प्रश्न. पहिला प्रश्न आहे ती वाचणारं यंत्र आणि ती बनवणारी कंपनी किती टिकते. मोझर बेअर आठवते का? डिस्क बनवण्यात जगातल्या पहिल्या काही कंपन्यांत आपल्या देशाची ही कंपनी होती. २००७ मध्ये तिने पिक्चरची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली आणि पायरसीवाल्यांच्या पोटात गोळा आणला. २०१८ मध्ये तीच कंपनी दिवाळखोरीत निघून अवसायनात गेली. अमेरिकेत मिलेनिएटा नावाच्या कंपनीने ‘एम-डिस्क’ काढली. रंगाऐवजी दगडासारखा थर, हजार वर्षं टिकेल असा कंपनीचा दावा. डिस्क चांगलीच होती, पण कंपनी २०१६ मध्ये बुडाली. पॅनासॉनिकने २०२३ मध्ये आणि सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणं बंद केलं. ज्या सोनीने फिलिप्सबरोबर १९८२ मध्ये सीडी बाजारात आणली, तीच सोनी! व्हर्बॅटिमसारखे थोडे ब्रँड अजून डिस्क विकतायत.

मग डिस्क संपली का? घराघरांतून संपली. पण मोठ्या साठवणुकीसाठी शास्त्रज्ञ अजून तिच्या मागे आहेत. २०२४ मध्ये शांघायच्या संशोधकांनी शंभर थरांची डिस्क दाखवली. एका डिस्कमध्ये साधारण दोन लाख जीबी, म्हणजे चाळीस हजारांवर डीव्हीडी. मायक्रोसॉफ्टने काचेच्या तुकड्यात लेझरने डेटा कोरण्याचे प्रयोग केलेत. हे सगळं प्रयोगशाळेतलं. मुरबाडच्या दुकानात ते कधी येईल या भरवशावर आपण धंदा मांडायचा नाही.

डिस्कचा एक गुण मात्र आजही कामाचा आहे. एकदाच लिहिता येणारी डिस्क नंतर कोणाला बदलता येत नाही. कॉम्प्युटरमध्ये खंडणीचा व्हायरस घुसला, कोणी चुकून डिलीट मारलं, तरी ती तशीच राहते. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. छोट्या दुकानाची सगळी बिलं ४.७ जीबीच्या डीव्हीडीत आरामात बसतात. वर्षाला एक डिस्क, दोन प्रती, शिवाय हार्डडिस्कवर एक. सहा-सात वर्षांच्या कामाला हे पुरतं. शंभर वर्षांचं वचन मात्र कोणालाही देऊ नका.

आता धंद्याचं. नव्या डिस्क विकण्यात पैसा राहिला नाही, जुन्यांमधून डेटा बाहेर काढण्यात आहे. यूएसबीचा राइटर दोन-तीन हजारांच्या आसपास मिळतो. दोन वेगळ्या कंपन्यांचे घ्या, कारण एकावर न चालणारी डिस्क दुसऱ्यावर कधीकधी चालते. चांगली डीव्हीडी दहा-पंधरा मिनिटांत कॉपी होते, ओरखडे पडलेली तासन् तास खाते. म्हणून सरसकट भाव सांगू नका. समजा चांगल्या डिस्कचे शंभर रुपये घेतले, तर अडकणाऱ्या डिस्कचा भाव डिस्क बघूनच ठरवा. डेटा निघाला नाही तर पैसे नाहीत. एक टीबीच्या हार्डडिस्कमध्ये दोनशेच्या वर डीव्हीडी मावतात, म्हणजे साठवणुकीचा खर्च किरकोळ. खरा खर्च तुमच्या वेळेचा.

ही सेवा एकटी चालणार नाही, तेही सांगतो. जुन्या डिस्क संपल्या की काम संपलं. त्यामुळे झेरॉक्स, फोटो स्टुडिओ, मोबाईल दुरुस्ती, असं काही आधीपासून चालू असेल तर त्याला जोडून करा. पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते तेव्हा स्टॉल टाकायचा मोह होईल. टाकू नका. बैल बघायला आलेला माणूस खिशात लग्नाची डिस्क घेऊन येत नाही. तिथे फक्त कार्ड वाटा, मुंबई-कल्याणहून गावी आलेले पाहुणे ते जपून ठेवतात. त्यापेक्षा गावातल्या जुन्या शूटिंगवाल्याला भेटा. कोणाकोणाची लग्नं त्याने केली ते त्याला तोंडपाठ असतं. त्याला प्रत्येक गिऱ्हाइकामागे काहीतरी द्या.

कायद्याचंही बघा. पैसे देऊन शूटिंग करून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइट कायद्यानुसार त्याचा पहिला मालक करून घेणारा असतो. म्हणजे घरच्यांनी स्वतःची डिस्क आणून दिली तर कॉपी करायला हरकत नाही. पिक्चरच्या आणि गाण्यांच्या विकत घेतलेल्या डिस्क कोणी आणल्या तर नम्रपणे परत करा.

गिऱ्हाइकाला पेनड्राइव्ह देताना स्पष्ट सांगा, की हा फक्त घरी न्यायला आहे. घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रत आणि दुसऱ्या गावातल्या भावाकडे किंवा बहिणीकडे एक, असं करून ठेवा. पेनड्राइव्ह ड्रॉवरमध्ये वर्षानुवर्षं पडून राहिला तर तोही दगा देतो.

डिस्क हातात आली की मऊ कोरड्या कापडाने मधून कडेकडे पुसा, गोल गोल नाही. टूथपेस्ट चोळण्याचे उपाय दुसऱ्याच्या डिस्कवर करायचे नाहीत. आधी पूर्ण डिस्कची प्रत काढा, मग त्यातून मोबाईलवर चालणारी फाईल बनवा. ती फाईल सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी चालवून बघा. पावतीवर डिस्कची संख्या, तिच्यावर आधीपासून असलेले ओरखडे आणि ‘आमच्याकडची प्रत ३० दिवसांनी काढून टाकली जाईल’ हे वाक्य लिहा, त्याखाली गिऱ्हाइकाची सही घ्या आणि मूळ डिस्क त्याच कव्हरमध्ये परत करा.