रसायनशास्त्राचें गाइड कसें पारखावें?

बारावीच्या वर्गांत प्रवेश करतांच विद्यार्थी आम्हांस जो पहिला प्रश्न विचारतात, तो बहुधा अणु-रेणूंविषयीं नसतो, "सर, गाइड कोणतें घ्यावें?" हाच तो प्रश्न. वरवर पाहतां तो साधा दिसतो. परंतु ज्या घरांत एका जाड पुस्तकाची किंमत देण्यापूर्वी आठवड्याच्या बाजाराचा हिशेब मांडावा लागतो, तेथें तो साधा राहत नाहीं. शिवाय गेलेला पैसा पुन्हां मिळवितां येतो; परीक्षेपूर्वीचे गेलेले महिने मात्र परत येत नाहींत. म्हणून कोणत्याहि पुस्तकाचें नांव न सुचवितां, दुकानांत उभें राहून पुस्तक पारखावें कसें, एवढेंच येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम, आपण कोणत्या परीक्षेस बसणार हें निश्चित करावें. वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' आणि अभियांत्रिकी व औषधनिर्माणशास्त्राच्या प्रवेशासाठीं आपल्या राज्याची 'सीईटी', या दोहोंत रसायनशास्त्र आहे. पण मागणी एकच नाहीं. २०२५ च्या नीटमध्यें रसायनाचे ४५ प्रश्न होते. बरोबर उत्तरास ४ गुण मिळत आणि चुकीच्या उत्तरास १ गुण वजा होत असे. त्याच वर्षीच्या सीईटींत रसायनाचे ५० प्रश्न, प्रत्येकास १ गुण, आणि चुकीबद्दल कपात मुळींच नव्हती. नीटची तयारी एनसीईआरटीच्या पुस्तकांवरून करावयाची, तर सीईटीची बालभारतीच्या. २०२४ मध्यें नीटच्या अभ्यासक्रमांतून स्थायू अवस्था, बहुवारिकें इत्यादि विषय वगळण्यांत आले. उलट बालभारतीच्या बारावीच्या २०२० च्या पुस्तकांत स्थायू अवस्था हेंच पहिलें प्रकरण आहे. तेव्हां "दोन्ही परीक्षांस उपयुक्त" असें मुखपृष्ठावर छापलेलें असलें, तरी त्या शब्दांवर विसंबूं नये. अधिकृत अभ्यासक्रमाचा कागद हातीं घ्यावा, अनुक्रमणिका उघडावी, आणि प्रकरणामागून प्रकरण ताडून पाहावें. दहा मिनिटांचें हें काम पुष्कळ पश्चात्ताप वांचवितें.

दुसरी पारख पुस्तकाच्या वयाची. २०२१ ते २०२४ या काळांत नीटमध्यें प्रत्येक विषयाचे ५० प्रश्न देऊन त्यांपैकीं ४५ सोडविण्याची मुभा होती; २०२५ मध्यें ती राहिली नाहीं. नमुना-प्रश्नपत्रिकांचें रूप पाहिलें कीं पुस्तक कोणत्या काळांतील आहे हें कळतें. याहून सूक्ष्म कसोटी म्हणजे 'मोल'ची व्याख्या. पूर्वी ती १२ ग्रॅम कार्बन-१२ मधील अणुसंख्येवरून करीत. २० मे २०१९ पासून ६.०२२१४०७६ × १०²³ ही संख्याच प्रमाण मानली गेली. तसेंच वायूचें मोलर आकारमान. ०° सेल्सिअस तापमानास आणि १ अॅटमॉस्फिअर दाबास तें २२.४ लिटर असतें. प्रमाण दाब १ बार धरला, तर २२.७ लिटर होतें. दाब न सांगतां नुसता आंकडा पाठ करावयास लावणारें पुस्तक विद्यार्थ्यास ऐन परीक्षेंत अडचणींत टाकील.

तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची: उत्तरें कशीं दिलीं आहेत? उदाहरणार्थ, ४.४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडमध्यें ऑक्सिजनचे अणू किती, असा प्रश्न घ्या. त्याचें मोलर वस्तुमान ४४ ग्रॅम. म्हणजे हा ०.१ मोल झाला. प्रत्येक रेणूंत ऑक्सिजनचे २ अणू, म्हणून अणू ०.२ मोल, अर्थात् १.२०४ × १०²³. आतां पर्यायांत ६.०२२ × १०²² आणि १.८०७ × १०²³ हे आंकडेहि असले, तर ते उगाच दिलेले नसतात. पहिला निवडणारानें अणूंऐवजीं रेणू मोजले. दुसरा निवडणारानें कार्बनहि मोजला. जें पुस्तक प्रत्येक चुकीच्या पर्यायामागची चूक उघड करून दाखवितें, तें शिक्षकाचें काम करतें. जें केवळ "उत्तर: ब" एवढेंच छापतें, तें विद्यार्थ्यास आपण चुकलों हें सांगतें, कां चुकलों हें सांगत नाहीं.

आतां खर्चाविषयीं. एनसीईआरटी व बालभारती यांचीं पाठ्यपुस्तकें त्यांच्या संकेतस्थळांवर विनामूल्य मिळतात. असेंद्रिय रसायनासाठीं मूळ पाठ्यपुस्तक ओळ न् ओळ वाचल्यावांचून गत्यंतर नाहीं. सेंद्रिय रसायनांत प्रत्येक अभिक्रियेचें कारण आपल्या हातानें लिहून काढावें. गाइडची खरी गरज भासते ती भौतिक रसायनांतील गणितांच्या सरावासाठीं. एवढ्या कामास एकच गाइड पुरें. थोरल्या भावंडानें दिलेलें जुनें पुस्तकहि टाकाऊ समजूं नये. समतोल, ऊष्मागतिकी, विद्युत्-रसायन यांचे नियम वर्षागणिक बदलत नाहींत. वगळलेल्या भागांवर पेन्सिलीनें रेघ मारावी, नव्या प्रश्नपत्रिका मिळवाव्या आणि तेंच पुस्तक वापरावें.

विद्यार्थिमित्रांनो, तीन गाइडें विकत घेऊन तिहींचीं पहिलीं दोनच प्रकरणें सोडविणारा विद्यार्थी आणि एकच गाइड शेवटच्या पानापर्यंत नेणारा विद्यार्थी, यांच्या निकालांतील अंतर आम्हीं वर्षानुवर्षें पाहत आलों आहों. ज्याच्या घरीं एकाच पुस्तकापुरते पैसे आहेत, त्यानें स्वतःस दुर्दैवी समजण्याचें कारण नाहीं. तें एक पुस्तक नीट पारखून घ्यावें, आणि घेतल्यावर तें पुरें करावें.