विमानप्रवास, हेडफोन आणि आपले कान

संग्रामपूर तालुक्यातली पोरं पुण्या-बंगळुरूला, काही थेट परदेशात नोकरीला लागली आणि त्यांचे आईवडील आता विमानानं ये-जा करू लागलेत. निघण्याआधी रक्तदाब आणि साखर तपासायला येतात तेव्हा हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "पोरगं म्हनते, आवाज बंद करनारा हेडफोन घेऊन देतो. कानाले काही होनार तर नाही ना, डॉक्टर?"

काही होणार नाही. परवडत असेल तर जरूर घ्या. पण तो कशासाठी घ्यायचा हे आधी नीट समजून घ्या, कारण लोक ज्या दुखण्यासाठी तो घेतात त्यावर त्याचा उपयोग नसतो आणि ज्यासाठी तो खरंच उपयोगाचा आहे ते कुणी सांगत नाही.

विमान वर स्थिरावलं की आत साधारण ८० ते ८५ डेसिबलचा घुमणारा आवाज सतत चालू असतो. कामाच्या जागी ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत चालतो, असं मानलं जातं. त्यापुढे दर ३ डेसिबलला आवाजाची ताकद दुप्पट होते आणि वेळ निम्म्यावर येतो. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन आणि ९४ ला फक्त एक तास. वर्षातून एखाद्या प्रवासानं कुणी बहिरं होत नाही. डोकं जड होतं, उतरल्यावर कान काही वेळ सुन्न वाटतात, एवढंच.

नुकसान करतो तो आपणच वाढवलेला आवाज. सिनेमातलं बोलणं इंजिनाच्या घरघरीत कळत नाही म्हणून साधा हेडफोन लावलेला माणूस आवाज वाढवत जातो आणि सहज नव्वदीच्या पुढे पोचतो. मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला थेट विमानानं जायचं तरी पंधरा तास लागतात. तेवढ्या वेळात दोन-तीन सिनेमे त्या आवाजात पाहिले की कानाची मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. आवाज कमी करणारा हेडफोन इथे उपयोगी पडतो. घरघर खाली बसली की बोलणं कमी आवाजातही स्पष्ट कळतं. तो लावूनही आवाज पूर्ण चढवलात, तर पैसे गेले आणि कानही.

त्याचं काम असं चालतं. हेडफोनमधला माइक बाहेरचा आवाज टिपतो आणि आतलं यंत्र त्याच्या बरोब्बर उलटी लहर कानात सोडतं. दोन्ही लहरी एकमेकींना मारतात. ही कल्पना जुनी आहे. पण प्रवाशांसाठी ती प्रत्यक्षात आणण्याचं श्रेय बोस कंपनी काढणाऱ्या अमर बोस यांना जातं. १९७८ मध्ये झुरिकहून बोस्टनला जाताना विमानात मिळालेल्या हेडफोनमधून नीट ऐकू येईना, तेव्हा त्यांनी तिथेच आकडेमोड सुरू केली. प्रवाशांच्या हातात त्यांच्या कंपनीचा तसा हेडफोन यायला मात्र २००० साल उजाडलं. ही युक्ती जाड, एकसुरी आवाजावर चालते, म्हणजे इंजिनाची घरघर, पंख्याचा घुमारा. बाळाचं रडणं, शेजारच्यांचं बोलणं, भांड्यांची खणखण अशा बारीक, अचानक येणाऱ्या आवाजापुढे ती कमी पडते. ते आवाज अडवते ती कानाभोवतीची गादी.

म्हणून निवडताना मी कंपनीच्या नावाआधी गादी पाहायला सांगतो. हेडफोन कानावर सगळ्या बाजूंनी घट्ट बसला पाहिजे. आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांचा चष्मा, टोपी आणि बायकांच्या कुड्या यांचा विचार दुकानदार करत नाही. चष्म्याच्या काडीमुळे गादीला फट पडते आणि तिथून आवाज आत येतो. टोपीवरून पट्टा घातला तर हेडफोन वर सरकतो. कुड्या गादीखाली दाबल्या गेल्या तर तासाभरात कानाची पाळी ठणकायला लागते. तेव्हा ज्याला वापरायचा आहे त्यालाच दुकानात न्या, चष्मा लावून, नेहमीचे दागिने घालून, आणि वीसेक मिनिटं हेडफोन डोक्यावर ठेवू द्या. ऑनलाइन घेत असाल तर परत करण्याची सोय आधी पाहा. खोक्यावर "५० डेसिबलपर्यंत" असं लिहिलेलं असतं, तो आकडा एखाद्या ठरावीक सुरापुरता असतो. सगळा आवाज तेवढा कमी होत नाही. सीटसमोरच्या पडद्याला जोडायला वायर लागते. बऱ्याच विमानांत ब्लूटूथ चालत नाही, त्यामुळे वायर सोबत येते का ते विचारा. हेडफोन आणि पॉवर बँक हातातल्या पिशवीतच ठेवायची. पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत चालत नाही.

तीस हजारांचाच हेडफोन हवा असं मुळीच नाही. दोन तासांच्या प्रवासाला तर मी औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे इअरप्लग सांगतो. बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हातानं कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवायचा. नीट बसला तर चांगला आवाज अडवतो. कापसाच्या बोळ्यानं तसं होत नाही. जागा निवडता आली तर जेट विमानात पंखांच्या पुढची घ्या, मागे आवाज जास्त असतो. जळगावहून उडणाऱ्या एटीआर ७२ सारख्या पंख्याच्या विमानात उलटं आहे, तिथे मागची बाकं शांत.

आता लोक ज्यासाठी हेडफोन घेतात त्या दुखण्याकडे येतो. विमान उतरताना कानात जे दडे बसतात, कळा येतात, त्याचा आवाजाशी संबंध नाही. बाहेरचा दाब वाढतो, कानाच्या पडद्यामागचा तेवढा वाढत नाही आणि पडदा आत ओढला जातो. नाकामागून कानाकडे जाणारी नळी गिळताना, जांभई देताना उघडते आणि दाब सारखा होतो. कुठलाही हेडफोन ही नळी उघडत नाही. उलट एक अडचण करतो. झोपेत माणूस कमी गिळतो, आणि हेडफोन लावून झोपलेल्याला विमान उतरत असल्याची सूचनाच ऐकू येत नाही. जाग येते ती कळ आल्यावर. म्हणून उतरायच्या अर्धा तास आधी उठवायला सोबत्याला किंवा हवाईसुंदरीला सांगून ठेवा. हेडफोन काढा, गोळी चघळा, घोट घोट पाणी प्या. नाक धरून, तोंड मिटून अगदी हळू हवा ढकला, जोर लावू नका. तान्ह्याला त्या वेळी पाजावं. सर्दीनं नाक चोंदलेलं असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा. नाक मोकळं करणारी औषधं रक्तदाब असलेल्यांनी स्वतःहून घेऊ नयेत.

काही जणांना हेडफोन सुरू केला की कान दाबल्यासारखा वाटतो. तो खरा दाब नाही, पण सहन होत नसेल तर घेऊ नका. कान वाहत असेल तर कानात खुपसायचे प्लग किंवा इअरबड वर्ज्य, बाहेरून बसणारा हेडफोन चालेल. कानाचं मशीन असेल तर ते विमानात बंद करावं लागत नाही. वरून हेडफोन घातला की शिट्टी वाजते का, ते घरीच पाहा.

आपल्या खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या भागातल्या, मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी दोन गोष्टी वेगळ्यानं सांगायला हव्यात. या आजारात श्रवणशक्ती कमी होण्याचं प्रमाण जास्त असतं, आणि जेंटामायसिनसारखी काही इंजेक्शनं कानाला बाधतात. त्यामुळे आवाज चढवून ऐकण्याची सवय त्यांनी मुळातच लावून घेऊ नये. आणि विमानात भरपूर पाणी प्या हा सल्ला त्यांच्यासाठी नाही. डॉक्टरांनी ठरवून दिलेलंच पाणी प्यायचं.

परत आल्यावर हाच हेडफोन लावून मळणी यंत्रावर किंवा ट्रॅक्टरवर कुणी बसू नये. तो त्या कामासाठी तपासलेला नसतो. शिवाय मागून कुणी हाक मारली तर ती ऐकू येणार नाही. तिथे कारखान्यात वापरतात तसे कानझाकण किंवा इअरप्लगच हवेत, आणि लग्नातल्या डीजेपुढे नाचणाऱ्या पोरांनाही.

तिकीट काढलं की प्रवासाच्या आठ-दहा दिवस आधी कान दाखवून घ्या. मळ असेल तर तेवढ्या दिवसांत औषध घालून काढता येतो. आदल्या दिवशी काडीनं कोरू नका, तेल घालू नका. पडद्याला भोक असेल, कानाचं नुकतंच ऑपरेशन झालं असेल किंवा एकाच कानानं अचानक कमी ऐकू येत असेल, तर खामगाव-अकोल्याच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांना विचारूनच विमानात बसा. अचानक कमी झालेल्या ऐकण्यावर पहिल्या काही दिवसांतच उपचार लागू पडतात, त्यासाठी परत येण्याची वाट पाहू नका.