न दिलेलं कर्ज

कर्ज विभागातून ट्रेझरीच्या मिड ऑफिसला माझी बदली झाली, तेव्हा डॉलर चाळिशीच्या आत होता. पुढच्या वर्षभरात बरंच शिकायला मिळालं.

१. डेरिव्हेटिव्ह म्हणजे कर्जच. रक्कम किती ते मात्र बाजार ठरवतो. शंभर कोटींच्या दोन वर्षांच्या फॉरवर्डची बाजारकिंमत पहिल्या दिवशी शून्य असते. डीलर म्हणणार, "साहेब, यात आपलं अडकलंय काय?" रिझर्व्ह बँकेच्या बासेल ३ नियमांत अशा परकीय चलन करारावर दहा टक्के संभाव्य येणं धरतात. म्हणजे रुपयाही न हलता दहा कोटींची लिमिट गेली.

२. गिऱ्हाईक अडचणीत येतं आणि आपलं येणं फुगतं, दोन्ही एकदमच. समजा, गिऱ्हाइकाची निर्यात महिन्याला दहा लाख डॉलरची. करार असा की डॉलर ४० च्या खाली राहिला तर दहा लाख ४० ला विकता येतील. वर गेला तर वीस लाख ४० लाच द्यायचे. प्रीमियम शून्य, म्हणून सगळे खूश. २००८ च्या अखेरीस डॉलर पन्नाशीला टेकला. वरचे दहा लाख डॉलर बाजारातून ५० ला घेऊन ४० ला द्यायचे, म्हणजे महिन्याला एक कोटीचा खड्डा. त्यात मंदीने परदेशी ऑर्डरी आटलेल्या, म्हणजे पहिल्या दहा लाखांचीही खात्री नाही. तिरुपूरच्या काही निर्यातदारांच्या गळ्यात तर डॉलर-स्विस फ्रँकचे करार होते. बनियन विणणाऱ्याचा फ्रँकशी संबंध काय, हे कुणी विचारलंच नाही. मार्च २००८ मध्ये डॉलर प्रथमच एका फ्रँकच्या खाली उतरला आणि हे करार अंगावर आले.

३. ताळेबंदाआधी कंपनीच्या बोर्डाचा ठराव वाचावा: असे करार करायची परवानगी त्यात आहे का? तोटा झाला की "हा तर सट्टा, करारच रद्द" असा पवित्रा ठरलेला. राजश्री शुगर्स-ॲक्सिस बँक खटल्यात मद्रास उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००८ मध्ये तो मान्य केला नाही. पण बँकाही धुतल्या तांदळाच्या नव्हत्या: पुढे २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेने डेरिव्हेटिव्हचे नियम मोडल्याबद्दल १९ बँकांना दंड केला. रक्कम प्रत्येकी पाच ते पंधरा लाख. माझ्या मते चिल्लर.

४. एमटीएमचं, म्हणजे आजच्या बाजारभावाने करारात किती नफा-तोटा आहे ते सांगणारं पत्र मालकाच्याच हातात द्यावं. फायनान्स मॅनेजर पोच देतो आणि पत्र खणात टाकतो, कारण बहुतेकदा करार त्यानेच केलेला असतो. येणं नव्वद दिवस थकलं की खातं एनपीए होतं. मालकाला तोपर्यंत पत्ताच नसतो.