जुनी सायकल घेताना रंग नको, फ्रेम बघा



मागच्या वर्षी वस्तीतल्या एका मुलासाठी आम्ही जुनी काळी सायकल घेतली. नवा रंग, चकचकीत हँडल, किंमतही कमी. सगळे खूश झालो. आठ दिवसांत हँडलखालची नळी जोडाजवळ तडकली आणि पोरगं रस्त्यावर पडलं. खरचटण्यावर निभावलं. भेग आधीपासून होती, वरून रंग मारला होता. चूक आमचीच, कारण आम्ही रंग बघितला, फ्रेम बघितली नाही. म्हणून हा धडा लिहीत आहोत.

सायकल आरोग्याच्या पानावर का? आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, मोठ्या माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा. कोडोलीतून वारणानगरला किंवा शेताकडे कामाला जाताना १५ मिनिटे आणि येताना १५ मिनिटे सायकल चालवली, तर पाच दिवसांत १५० मिनिटे भरतात. वेगळा वेळ काढावा लागत नाही आणि पेट्रोलचे पैसेही वाचतात.

घेण्याआधी तपासा

१. सायकल उन्हात उभी करा. हँडलखाली जिथे दोन नळ्या जुळतात तिथे बोट फिरवा. रंगाला सुरकुती किंवा भेग दिसली, तर सायकल कुठेतरी धडकलेली असू शकते. ती घेऊ नका.

२. मागून एका डोळ्याने बघा. दोन्ही चाके एका रेषेत हवीत. पुढचा चिमटा मागे वाकलेला नसावा.

३. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवा. हँडलपाशी खडखड झाली, तर तिथले बॉल झिजले आहेत किंवा ढिले आहेत. हा खर्च थोडा असतो.

४. चाक उचलून फिरवा. थोडे डुलत असेल, तर मिस्त्री तारा कसून आउट काढून देतो. रिम गंजून पोखरली असेल, तर ती बदलावीच लागते.

५. चेन ताणून पट्टीने मोजा. चोवीस कड्यांची लांबी १२ इंच भरते. इंचाचा आठवा भाग जास्त भरली, तर चेन आणि फ्रीव्हील दोन्ही बदलण्याचा खर्च धरा.

मग मिस्त्रीकडून दुरुस्तीचा अंदाज लिहून घ्या. किंमत आणि दुरुस्ती मिळून नव्या सायकलीच्या निम्म्यावर जात असेल, तर सोडून द्या. विकणाऱ्याकडून सहीची पावती घ्या आणि तिच्यावर फ्रेम नंबर लिहा. चोरीचा माल गळ्यात पडायला नको.

पैसे आधी कुठे घालायचे

पहिले ब्रेक, दुसरे टायर-ट्यूब, तिसरा दिवा. मग ओव्हरऑइलिंग, म्हणजे एक्सल खोलून बॉल धुवून नवे ग्रीस भरणे. पायडल मारताना दर फेरीला झटका बसत असेल, तर क्रँकची कॉटर ढिली आहे, ती बदला. रंग सगळ्यात शेवटी. २८ इंची काळ्या सायकलीचे बरेचसे भाग कंपनी कोणतीही असली तरी जुळतात. अ‍ॅटलसने २०२० साली साहिबाबादचा कारखाना बंद केला, पण त्यामुळे घरची जुनी अ‍ॅटलस भंगारात घालण्याचे कारण नाही.

चेनला तेल घाला, पण रिमला लागू देऊ नका. ब्रेक घसरेल.

चालवताना

सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवा. पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. सीट फार खाली असली की गुडघे दुखतात आणि माणूस सायकललाच दोष देतो.

लोखंडी रिम पावसात भिजली की ब्रेक उशिरा लागतो. लांबूनच ब्रेक हलका हलका दाबत या, म्हणजे रिमवरचे पाणी पुसले जाते. गळीत हंगामात रात्री उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. मागे लाल रिफ्लेक्टर आणि पुढे दिवा नसेल, तर अंधार पडल्यावर सायकल बाहेर काढू नका. जोतिबाच्या डोंगराकडचा चढ आला, तर उतरून ढकला, त्यात कमीपणा नाही.

शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये आणि खिशात साखर ठेवावी. हातपाय थरथरले, घाम सुटला, तर थांबून ती खावी. छातीत दुखत असेल किंवा हृदयाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आमच्या त्या मुलाला आता दुसरी सायकल मिळाली आहे. रंग उडालेला आहे, पण फ्रेम सरळ आहे. त्याची आईही संध्याकाळी तिच्यावर शिकते आहे. तुमच्या घरात माळ्यावर किंवा गोठ्यात जुनी सायकल पडून असेल, तर रविवारी वंदना झाल्यावर विहाराच्या आवारात घेऊन या. पाना, पंप आणि ग्रीसचा डबा आम्ही आणू. आपण मिळून तपासू.

जय भीम!