दुसऱ्या पानाची गोष्ट (आणि थोडा कायदा)

मी कॉन्व्हेंटची. मराठी बोलते झकास, पण लिहायचं म्हटलं की वेलांटी पहिली की दुसरी, इथेच गाडी अडते. त्यामुळे "तुझा रूमचा किस्सा मराठीतच लिही" असं संपादकांनी सांगितलं तेव्हा घामच फुटला! तरी लिहितेय. कारण हॉस्टेल सुटलं की आपल्यातले बरेच जण हेच करणार आहेत: रूम शोधणार, कागद पुढे आला की सही ठोकणार. आम्ही चौघींनीही तेच केलं.

झालं असं. जूनमध्ये कॉलेजमागच्या गल्लीत वन बीएचके मिळाला. ११ महिन्यांचा करार, भाडं १२,०००, डिपॉझिट ३६,०००, सोडताना एक महिन्याची नोटीस. करार मराठीत होता. 'अनुज्ञप्तिधारक' हा शब्द दिसला आणि मी सरळ पान उलटलं. सह्या फक्त शेवटच्या पानावर. घरमालक काका म्हणाले, "नोटरी करून झेरॉक्स देतो." ती झेरॉक्स आली ऑगस्टअखेर. पान दोनवर भाडं १३,५००! शिवाय 'आठ महिन्यांच्या आत जागा सोडल्यास संपूर्ण डिपॉझिट जप्त' असं एक नवंकोरं वाक्य.

विचारलं तर उत्तर तयार होतं. "खाली सही कोणाची आहे? तुमचीच ना?"

महिन्याला दीड हजार म्हणजे प्रत्येकी पावणेचारशे. फार नाही असं वाटेल. पण आमच्यातली एक जण घरून येणाऱ्या पैशांत मेसचं बिल जेमतेम भागवते. ती म्हणाली, "घरी काय सांगू? न वाचता सही केली म्हणून?" त्या रात्री कोणाचंच सबमिशन पूर्ण झालं नाही.

दुसऱ्या दिवशी एका मैत्रिणीच्या आत्याकडे गेलो. आत्या वकील आहेत. त्यांनी आधी चहा दिला, मग झापलं, आणि मग शिकवलं. त्याच या नोट्स.

१. करार एकट्याने बदलता येत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ६२ मध्ये करार बदलण्याची सोय आहे, पण दोन्ही बाजू राजी असतील तरच. आपल्याला न विचारता घातलेली अट आपल्यावर बंधनकारक नाही. सही झालेल्या कागदात फसवणुकीच्या हेतूने महत्त्वाचा बदल करणं हा तर गुन्हाच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३३५ व ३३६ मध्ये येतो.

२. पान बदलणं इतकं सोपं का? कारण स्टॅम्प पेपर बहुधा पहिल्याच पानाला असतो. पुढची पानं साध्या लेजर पेपरची. मधलं पान काढून दुसरं घातलं तर शेवटच्या पानावरच्या सहीला काय कळणार? म्हणून प्रत्येक पानावर, आणि खाडाखोड असेल तिथेही, दोघांच्या सह्या हव्यात.

३. नोटरी म्हणजे रजिस्ट्रेशन नव्हे. ११ महिनेच का, याचं कोडं मला इथे सुटलं. नोंदणी कायदा, १९०८ नुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा रजिस्टर करावाच लागतो, म्हणून ही पळवाट. पण महाराष्ट्रात ती चालत नाही! महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ सांगतं की भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि रजिस्टर केलेलाच हवा, मग तो ११ महिन्यांचा का असेना. ही जबाबदारी घरमालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, रजिस्टर करार नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. करार रजिस्टर झाला की त्याची नक्कल दुय्यम निबंधकाकडून मिळवता येते. मग घरातलं पान बदलून उपयोग काय?

४. आपली बाजू कुठे लंगडी पडते? लायसन्सचा लेखी करार हा त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा मानतात (कलम २४). म्हणजे वाईट अट आधीपासूनच लिहिलेली असेल आणि आपण न वाचता सही केली, तर रडून फायदा नाही. मुदत संपूनही जागा सोडली नाही तर दुप्पट दराने नुकसानभरपाई भरावी लागू शकते, हेही त्याच कलमात.

५. मग करायचं काय? सही होताच सगळ्या पानांचे फोटो काढा. भाडं रोख देऊ नका. बँकेतून किंवा यूपीआयने द्या. वाढीव भाडं 'तात्पुरतं' म्हणूनही भरू नका, नाहीतर तुम्ही कबूल झालात असं म्हणायला जागा राहते. ठरलेलं भाडं मात्र वेळेवर भरा. हरकत लेखी कळवा, स्पीड पोस्टाने, आणि पावती जपा. पुढे गरज पडली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलामुलींनाही.

"फोटो आहे का?" आत्यांनी विचारलं. आम्ही तिघी गप्प. तेवढ्यात मेसच्या बिलाची चिंता करणारी हळूच म्हणाली, "बाबांनी मागितले होते. भाडं किती ते त्यांना स्वतः बघायचं होतं." सही झाली त्याच संध्याकाळी तिने चारही पानांचे फोटो घरी पाठवले होते, तारीख-वेळेसकट! जिला घरी फोन करायची लाज वाटत होती, तिच्याच घरी आमचा पुरावा होता.

फोटो आणि तीन महिने भरलेल्या १२,००० च्या नोंदी जोडून पत्र गेलं. आठवड्याने काका म्हणाले, "टायपिस्टची चूक असेल." असेल बापडी! नवा करार मूळच्याच अटींवर ऑनलाइन रजिस्टर झाला. काका आता जिन्यात भेटले तर हसत नाहीत. चालायचंच.

या वेळी मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, प्रत्येक पानावर सही केली, आणि 'अनुज्ञप्तिधारक' आता एका दमात म्हणते. अर्थ सोपा आहे: मालकाच्या परवानगीने त्याच्या जागेत राहणारा. परवानगी त्याची, पण अटी दोघांच्या.