अभ्यासपाठ : चुलीचा धूर आणि कोळशाचा धूर



सातपुड्यातील सेवेची माहिती द्यायला मी मंडळ्यांत जातो, तेव्हा एक प्रश्न हमखास येतो : आदिवासी चुलीत लाकडे जाळतात, मग हवा बिघडवण्यात त्यांचाही वाटा नाही का? उत्तरासाठी परमेश्वराच्या सृष्टीत कार्बन कसा फिरतो ते पाहू.

1. जलद वाट : झाड हवेतून कार्बन डायऑक्साइड घेऊन लाकूड, पाने घडवते. पान कुजले किंवा लाकूड जळले की तो कार्बन हवेत परततो. जंगल पुन्हा वाढत राहिले, तर हा हिशेब जुळतो.

2. संथ वाट : पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड विरघळवून किंचित आम्लधर्मी होते. ते सातपुड्याचा काळा पाषाण झिजवते. हा खडक सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. झिजेतून सुटलेले कॅल्शियम व बायकार्बोनेट नर्मदा-तापीतून अरबी समुद्रात जातात. समुद्रातले जीव त्यांपासून कवचे बनवतात. ती तळाशी साचून चुनखडक होतो. पुढे ज्वालामुखींतून काही कार्बन हवेत परततो. या फेऱ्याला कोट्यवधी वर्षे लागतात.

3. मोडलेला हिशेब : चंद्रपूरकडचा कोळसा 25 कोटी वर्षांहून जुन्या वनस्पतींचा आहे. असा जगभरचा कोळसा आणि खनिज तेल माणूस दोन-अडीच शतकांत जाळत आला. हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड पूर्वी सुमारे 280 भाग होता. आज 420 हून अधिक आहे. आपण सोडलेल्यापैकी सुमारे चौथा हिस्सा समुद्र शोषतो, पण त्यामुळे त्याचे पाणी आम्लतेकडे झुकते आणि जीवांना कवच बांधणे जड जाते. खडक मात्र घाईने झिजत नाही.

म्हणून चुलीकडे बोट दाखवणे न्यायाचे नाही. तिचा धूर घरातल्या बाईच्या फुप्फुसांना बाधतो, त्यासाठी सुधारित चूल द्यायलाच हवी. पण मोठा भार आपली वीज, गाड्या आणि कारखाने यांचा आहे. पाऊस चुकला की पहिले नुकसान मात्र डोंगरउतारावरच्या कोरडवाहू शेताचे होते. उत्पत्ती 2:15 मध्ये बाग राखण्याची जबाबदारी साऱ्या मानवजातीवर आहे.

मंडळीत चर्चेसाठी :
- आपल्या घरात व प्रार्थनामंदिरात कोणती वीज, कोणते इंधन वाचवता येईल?
- जंगल राखणाऱ्या पाड्यांना आपण उपकारकर्ते म्हणून भेटतो की सहकारी म्हणून?

प्रार्थनेचा विषय : वेळेवर पाऊस, आणि आम्हां सर्वांना न्यायी दृष्टी.